सौदा होईपर्यंत पाणी नाही

छत्रपती संभाजीनगरहून परत आल्यावर गावात जो भेटला त्याने विचारलं, वेरूळ बघितलंस का, बिबीचा मकबरा बघितलास का. मकबरा रिक्षातून दिसला. वेरूळच्या बाजूला जाणं झालं, पण तेव्हा माझे कान गाडीच्या गिअरकडे होते. पाच दिवस मी त्या शहरात होते आणि त्यातला बराच वेळ जुन्या गाड्यांच्या खाली पाठ टेकून घालवला. तरीही हे लिहिण्याचं धाडस करते आहे. आमच्या भागातून कोणी तिकडे जुनी मोठी गाडी घ्यायला गेलंच, तर त्याला थोडा उपयोग होईल. आणि तिथे आमच्याकडून एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. दहावीपर्यंतची शाळा जवळ आहे, पुढचं कॉलेज तालुक्याला. एसटी आहे, पण ती पोचते तेव्हा कॉलेजचे दोन तास होऊन गेलेले असतात. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. मी मामाकडे राहून शिकते. माझी बहीण प्राची आणि तिच्याबरोबर यंदा दहावी झालेल्या आणखी सहा मुली, यांना मामा नाहीत, किंवा असले तर, आमच्या मामासारखे, त्यांच्या घरी आणखी एकीला जागा नाही. दोघींच्या घरी स्थळं बघायला सुरुवातही झाली होती. तेव्हा सात घरांनी मिळून ठरवलं की एक मोठी गाडी घ्यायची आणि ती आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चालवायची. आबांनी बरीच वर्षं दूध डेअरीचा टेम्पो चालवला आहे. घाट चढणारी, आठ माणसांची, दणकट चासीची एसयूव्ही हवी होती आणि ती प्रवेश सुरू होण्याआधी हवी होती.

कोकणातली जुनी गाडी घ्यायची नाही, हे आबांनी आधीच ठरवलं होतं. आमच्या पावसात आणि खाऱ्या हवेत गाडी वरून नवरीसारखी दिसते आणि खालून चाळण झालेली असते. "कोरड्या मुलखातली गाडी बघायची," आबा म्हणाले. मुंबईत कामाला असलेल्या गावच्या एकाने संभाजीनगरच्या शकीलभाई नावाच्या गाड्यांच्या दलालाचा नंबर दिला. मी मोबाइलवर जुनी गाडी कशी तपासावी याचे मिळतील तेवढे व्हिडिओ बघितले. कॉमर्सच्या परीक्षेचाही मी एवढा अभ्यास केला नव्हता.

जालना रोड

सकाळी स्टँडवर उतरलो तेव्हाच ऊन तापलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम गळत राहतो. तिथे घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो, ओठ मात्र फुटतात. आबांना पहिला संशय रिक्षावाल्याचा आला, दुसरा लॉजच्या मॅनेजरचा, तिसरा पाण्याच्या बाटलीच्या झाकणाचा. मी हसले नाही, कारण झाकण मीही दोनदा फिरवून बघितलं होतं.

शकीलभाई जालना रोडच्या आतल्या बाजूला, पत्र्याचं कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत बसतात. पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया, आणि बोलणं अर्धं मराठी अर्धं दखनी.

"या आबा, या. ये देखो, डॉक्टरची गाडी हाय. एकदम मख्खन."

नंतर लक्षात आलं की तिथली प्रत्येक गाडी डॉक्टरची होती.

मी पहिल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. गरम. उन्हाने असेल असं वाटून झाकण उघडायला लावलं, तर इंजिनही गरम. आम्ही येण्याआधीच कोणीतरी ती चालू करून ठेवली होती. गाडी थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल, तर तो असा लपवतात.

"शकीलभाई, ही आता बंद करा. आम्ही संध्याकाळी येऊन सुरू करू," मी घाबरत म्हटलं.

शकीलभाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "बेटी मेकॅनिक हाय क्या?"

"कॉलेजला आहे," आबा म्हणाले.

दुसऱ्या गाडीच्या मीटरवर किलोमीटर अगदी कमी होते, पण क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालं होतं आणि ड्रायव्हरची सीट डावीकडे खचली होती. तिसऱ्या गाडीच्या सगळ्या काचांवर एकाच वर्षाचा आकडा होता, फक्त पुढच्या मोठ्या काचेवर तीन वर्षं नंतरचा, म्हणजे ती बदललेली. मी दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघितला. एका बाजूला कंपनीचे गोल टाके, दुसऱ्या बाजूला हाताने केलेलं ओबडधोबड वेल्डिंग.

"मामूली लगा था, बेटी."

"छपराला लागलंय," मी म्हटलं. एवढं बोलल्यावर मला माझीच लाज वाटली. आयुष्यात मी कोणा मोठ्या माणसाला असं बोलले नव्हते.

शकीलभाईंना राग आला नाही. त्यांनी चहा मागवला. आबांनी हात जोडले. "नको. सौदा झाल्यावर."

हा आमच्या आबांचा नियम आहे. त्यांच्या वडिलांपासून, गुरांच्या बाजारापासून चालत आलेला. ज्याच्याकडून बैल घ्यायचा त्याच्याकडचं पाणी सौदा ठरेपर्यंत प्यायचं नाही. एकदा त्याचं अन्नपाणी पोटात गेलं की जीभ जड होते, खोड काढता येत नाही, भाव पाडता येत नाही. आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी आग्रहही करत नाही. दुसरा नियम, आपली गरज सांगायची नाही. गरज कळली की भाव चढतो.

"ठीक हाय," शकीलभाई म्हणाले आणि आमचे दोन्ही कप स्वतःच प्यायले. "उद्या एक घरगुती गाडी दाखवतो. साळवे साहेबांची. वो डॉक्टर नहीं हैं, खरं सांगतो."

पहाडसिंगपुरा

साळवेकाकांचं घर लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. वीज खात्यातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि भिंतभर पुस्तकं. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला, गाडी दारात पडून, म्हणून विकायची होती.

गाडी चंदेरी, मोठी, शांत उभी. काका स्वतःच म्हणाले, "हात लावून बघ बॉनेटला. दोन दिवसांत चालू केली नाय."

इंजिन थंड होतं. किल्ली फिरवल्याबरोबर सुरू झालं. धूर काळा नाही, निळा नाही. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय नाही. पॅडलचं रबर आणि मीटरचा आकडा एकमेकांना शोभत होते. टायरवरचे आकडे एकाच वर्षाचे. मग मी आणि आबा खाली शिरलो. गाडीचं सगळं पोट एकसारखं, जाड, काळ्या रंगाने माखलेलं.

आबांचा चेहरा उजळला. "माणूस जपणारा आहे गो," ते कुजबुजले.

आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी जो गाडीला खालून काळं मारून घेतो, तो काळजीवाला मालक. ते बघूनच लोक गाडी घेतात. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या मनातला संशय थोडा खाली बसला.

चालवून बघायला दौलताबादच्या रस्त्याला लागलो. पुढे आबा आणि काका, मागे मी आणि शकीलभाई. किल्ला डाव्या हाताला उभा राहिला, काळा आणि सरळ, चढायला जागाच नाही असा. मी बघत होते, पण कान स्पीडब्रेकरवरच्या आवाजाकडे. पुढे खुलताबादच्या बाजूला घाट लागला. दोन-तीन वळणं घेऊन आबांनी विचारलं, "घाट कधी सुरू होतो?"

"संपला," काका म्हणाले.

शकीलभाई मागून म्हणाले, "आबा, आमचा एवढाच हाय. समजून घ्या."

आबा मोठ्याने हसले. काकाही हसले. मग काकांनी सहज विचारलं, "एवढी मोठी गाडी कशाला लागते तुम्हाला?"

"घरची माणसं आहेत बरीच," आबा म्हणाले.

थोड्या वेळाने काकांनी पुन्हा विचारलं, "धंद्याला लावायची का?" आबांनी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. मला वाटलं, हे इतकं का विचारतात? आबांनाही तेच वाटलं असणार.

परतलो तेव्हा दुपार झाली होती. माझी जीभ टाळूला चिकटली होती. काकूंनी स्टीलच्या ताटलीत पाण्याचे पेले आणले. शकीलभाईंनी एक उचलून रिकामा केला, मग दुसरा. आबांनी हात जोडले.

"नको ताई. तहान नाही."

"एवढ्या उन्हात?" काकू म्हणाल्या. "बरं, चहा टाकते."

"नको, चहा पीत नाही."

"टरबूज कापलंय."

"नको. खरंच नको."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे बघितलं आणि मान हलवली. काकू क्षणभर ताटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग सपाट आवाजात म्हणाल्या, "दुकानातून बाटलीचं आणवू का?"

"नको नको, कशाला त्रास," आबा म्हणाले. ताटली आत गेली.

आबांनी मला खूण केली, बाहेर चल, बोलायचं आहे. आम्ही फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत गेलो. गाडी पसंत होती. किती म्हणायचं, कुठे थांबायचं, ते ठरवलं. बोलता बोलता आबांनी माझ्या पिशवीतली आमची बाटली काढली, घटाघटा प्यायले, मला दिली. मीही प्यायले. आत आलो तर काका व्हरांड्यात उभे होते.

"काका, गाडी बरी आहे," आबांनी सुरुवात केली. "तर आता..."

"गाडी नाय विकायची मला," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाय विकायची. शकील, पाव्हण्यांना दुसरी दाखव."

शकीलभाई खुर्चीतून उठलेच. "साहेब, कामून? परसों तो आपने ही..."

"सांगितलं ना."

दार लावलं नाही त्यांनी. ते आत गेले आणि आम्ही तिथेच उभे राहिलो.

लॉजवर

आबांचं म्हणणं, हे दोघांचं ठरवून चाललेलं नाटक आहे. आधी नाही म्हणायचं, गिऱ्हाईक कासावीस झालं की दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि भाव वाढवायचा. बैलाच्या बाजारात असं करतात. शकीलभाईंचा फोन आला तेव्हा आबांनी तो उचलला नाही. मला म्हणाले, "बघ, आला की नाही?"

संध्याकाळी आम्ही शहागंजच्या बाजूला जेवायला गेलो. तिथे नान-खलिया मिळतो. गरम नान आणि पिवळा, तेलाचा तवंग असलेला मटणाचा रस्सा. मी खाल्ला, आवडला. आबांना दोन दिवस भात मिळाला नव्हता. त्यांनी नुसता पांढरा भात मागवला आणि तो मोकळा सुटा भात बघून म्हणाले, "ह्यात जीव नाही." वेटरने पाणी आणून ठेवलं. आबा प्यायले. तेव्हा मला काकूंची ताटली आठवली, आणि बाटलीचं आणवू का, हे त्यांचं विचारणं आठवलं. तो पाहुणचाराचा आवाज नव्हता.

आमच्या गावातली बौद्धवाडी ओढ्यापलीकडे आहे. त्या ओढ्याचा अर्थ मला माहीत आहे. गावातली माणसं पलीकडे कामाला जातात, बोलतात, मयताला जातात, आणि पाणी विचारलं की त्यांना तहान नसते. अगदी आबांनी वापरले तेच शब्द. वरून आम्ही फाटकाबाहेर जाऊन, त्यांच्या डोळ्यांसमोर, आमचं पाणी प्यायलो होतो.

आबांना कसं सांगावं मला कळेना. माझ्या मनात एक वाईट शंकाही आली. आबांचा नियम खरा आहे, मला माहीत आहे. पण शकीलभाईंचा चहा नाकारताना ते सरळ म्हणाले होते, सौदा झाल्यावर. साळवेकाकांकडे ते तहान नाही असं का म्हणाले? मी ते विचारलं.

आबा जेवायचे थांबले.

"शकील दलाल आहे, त्याला सांगितलं. हे घरचं माणूस, बाई पाणी घेऊन आलेली. तिला सौदा झाल्यावर असं कसं सांगायचं? वाईट दिसतं म्हणून..." एवढं बोलून ते थांबले. "आणि त्याहून वाईट दिसलं."

"आपण उद्या जाऊन पाणी पिऊ या," मी म्हटलं.

"आता जाऊन प्यायलो तर गाडीसाठी प्यायलो असं होईल. त्यांच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस? गरज पडली तेव्हा चालतं म्हणाली असतीस."

आम्ही उठलो. लॉजच्या जिन्यात आबा म्हणाले, "ती गाडी सोडून दे. डोक्यातून काढ. मग जाऊ."

गाडी डोक्यातून काढणं सोपं नव्हतं. खोलीत गेल्यावर प्राचीचा फोन आला. गाडीला म्युझिक आहे का, हे मुलींना हवं होतं. मी म्हटलं, अजून बघतोय.

पुन्हा पहाडसिंगपुरा

सकाळी शकीलभाईंना न सांगता गेलो. काका अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. आम्हाला बघून त्यांनी नळी खाली ठेवली, पण फाटक उघडलं नाही.

"काल सांगितलं ना. गाडी विकायची नाय."

"गाडी नको आम्हाला," आबा म्हणाले. "आज रात्रीच्या गाडीनं परत जाऊ नाहीतर दुसरीकडे बघू. काल तुमच्या घरचं पाणी घेतलं नाही. चुकलं. ते प्यायला आलो."

"काल तहान नव्हती. आज लागली व्हय?"

आबांनी नियम सांगितला. गुरांचा बाजार, बैल, जड होणारी जीभ. सांगताना ते अडखळत होते आणि ऐकताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. आमच्या गावातल्या सुजाताचं नाव माझ्या ओठांवर आलं. ती त्या सात मुलींमधली, ओढ्यापलीकडची, प्राचीची मैत्रीण. पण ते नाव त्या वेळी घेणं म्हणजे दाखला काढून दाखवण्यासारखं झालं असतं.

"असला नियम मी जन्मात ऐकला नाय," काका म्हणाले.

"आमच्याकडे आहे."

"आमच्याकडं दुसरा हाय. पाणी न पिता गेलेल्या माणसाचं कारण आम्ही विचारत नाय. आम्हाला ठावं असतं."

"असतंच," आबा म्हणाले. "म्हणूनच आलो."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, उन्हात कामून उभं केलंय त्यांना? खोटं बोलत असतील तर सावलीत बोलू द्या की."

फाटक उघडलं.

पाणी माठाचं होतं. आबा दोन पेले प्यायले, मी तीन. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आबांनी ठेचा भाजीसारखा घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नका पाव्हणे, माफ केलं," काकू म्हणाल्या. काकांना ठसका लागला. त्यानंतर घरातला ताण थोडा सैल झाला, सगळा गेला असं म्हणता येणार नाही. काका मधूनच आबांच्या ताटाकडे बघत होते, खरंच जेवतात की नुसतं चिवडतात ते. त्यांना तो हक्क होता असं मला वाटतं.

जेवण झाल्यावर काकांनी विचारलं, "आता तरी सांगा. गाडी कशाला पाहिजे होती?"

आता लपवण्यासारखं काही नव्हतं. आबांनी सगळं सांगितलं. सात मुली, एसटी, घाट. घाट किती मोठा, ते हात वर नेत दाखवलं. पावसात दरड येते, एका बाजूला दरी, वळणावर गाडी मागे घेऊन पुन्हा काढावी लागते.

"सात पोरी," काकू म्हणाल्या. "रोज?"

"रोज. जाऊन येऊन."

काका उठले. आतून एक मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणि हातबॅटरी घेऊन आले. "चल पोरी," मला म्हणाले.

गाडीच्या मागच्या चाकाजवळ ते सावकाश, गुडघा धरत जमिनीवर बसले आणि मग आडवे झाले. मी शेजारी शिरले. त्यांनी चासीच्या दांडीवरचा काळा थर खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे माझ्या तोंडावर पडत होते. खाली पत्र्यावर वीतभर लांब, फुगीर, वाकडी रेघ निघाली. जखम शिवल्यासारखी. वेल्डिंग.

"देवगाव रंगारीच्या रस्त्याला पोरानं गाडी नळकांडीच्या पुलावरून खाली घातली होती. चासी तडकली. सांधून घेतली. आमच्या सपाट रस्त्याला काय होत नाय तिला. तुमच्या घाटात, भरल्या गाडीला... नको. ही घेऊ नका तुम्ही."

"आम्हाला तर काळा रंग बघून बरं वाटलं होतं," मी म्हटलं. आमच्याकडे का रंगवतात ते सांगितलं.

काका आडवे पडल्या पडल्याच म्हणाले, "इथं गाडीला खालून काळं कोण मारतंय? गंजायला इथं पाणी कुठंय? इथं काळं दिसलं की समजायचं, काहीतरी झाकलंय."

एवढे व्हिडिओ बघितले, दारांची रबरं ओढली, काचांवरचे आकडे वाचले, आणि जो रंग बघून सावध व्हायचं तो बघून आम्ही निर्धास्त झालो होतो. त्या गाडीत प्राची बसली असती.

मग मी एक प्रश्न विचारला. विचारावा की नाही कळत नव्हतं, पण विचारला.

"काका, काल आम्ही पाणी प्यायलो असतो आणि सौदा झाला असता, तर हे सांगितलं असतं का?"

त्यांनी बॅटरी बंद केली. गाडीखाली अंधार झाला.

"नाय," ते म्हणाले. "विचारलं होतं ना मी तुमच्या बापाला, कशाला पाहिजे म्हणून. दोनदा. घरची माणसं म्हणाले ते. इथं भाऊबंदांत लग्नाला जायला ही गाडी चांगली हाय. तशी विकली असती. सांगितलं नसतं."

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्यांना मी जे सांगू शकते त्यातलं सर्वांत महत्त्वाचं बहुतेक हेच आहे. इंजिन थंड बघा, चासी नंबर स्वतः पुसून कागदावरच्या नंबराशी ताडून बघा, बँकेचं कर्ज फिटल्याचा दाखला मागा. पण गाडीत कोण बसणार आहे, तेही सांगा. काही जण त्यामुळे भाव चढवतील. आम्हीही त्या भीतीनेच गप्प होतो.

गंगापूर

चौथ्या दिवशी काका आमच्याबरोबर आले. शकीलभाईंच्या ओळखीतली गाडी, गंगापूरच्या पुढे, उसाच्या शेतातल्या घरासमोर उभी. मालक बप्पा, पन्नाशीचे, खांद्यावर रुमाल. रंग उडालेला, एक सीट फाटलेली, आतून उसाच्या चिपाडांचा वास. शकीलभाईंनी आधीच सांगून टाकलं, "दिसायला भंगार हाय. मैं झूठ नहीं बोलूंगा." ते पहिल्यांदा असं म्हणाले, म्हणून आबांचा संशय दुप्पट झाला.

गाडीखाली नुसती धूळ. काळा रंग नाही, वेल्डिंग नाही. आम्ही दोघं आणि काका, तिघांनी आळीपाळीने बघितलं. मी फोनवर नंबर टाकला तर वाहतूक दंडाचे दोन चलान भरायचे राहिलेले निघाले.

"ते पोराचे," बप्पा म्हणाले.

"ते भरा, मग कागद," मी म्हटलं. या वेळी माझा आवाज कापला नाही.

बांधाच्या चढावर आबांनी गाडी मध्येच थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पाय काढला. गाडी जागची हलली नाही. काका खिडकीतून म्हणाले, "बप्पा, हँडब्रेक चांगला हाय म्हणता ना? जरा गाडीच्या मागं उभं राहा बरं."

"कामून?"

"पोरी बसणार हायत हिच्यात. घाटात."

बप्पांनी काकांकडे बघितलं, मग आबांकडे, मग खांद्यावरचा रुमाल झटकला आणि मागे जाऊन उभे राहिले. हात कमरेवर. "किती वेळ राहू?"

"राहा थोडा वेळ," आबा म्हणाले.

राहिले ते. नंतर आबांनी क्लच सोडत गाडी वर काढली, तेव्हाही ती एक इंच मागे आली नाही. तिथेच सौदा ठरला. बप्पांच्या घरी सगळे ताक प्यायले आणि दुसऱ्या दिवशी कागदांची कामं उरकून आम्ही निघालो. साळवेकाकूंनी वाटेत खायला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. निरोप घेताना काका आबांना म्हणाले, "पोचल्यावर फोन करा. अन् घाटात नुसती रिकामी नेऊ नका, पोरी बसवायच्या आधी वजन भरून बघा."

घरी

गाडी गावात आली तेव्हा सगळ्या मुली रस्त्यावर उभ्या होत्या. प्राची दार उघडून आत बसलीच होती. आबांनी तिला खाली उतरवलं. मुली नाराज झाल्या. सुजाता म्हणाली, "आबा, बघू तरी द्या."

आबांनी आमच्या आणि शेजारच्या घरातून भाताची पोती आणवली. मुलींना एकेक करून रेशनच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. कोणी लाजली, कोणी चपला काढायला लागली, कोणी म्हणाली मोठ्याने सांगू नका. तेवढ्या वजनाची पोती आबांनी सीटवर मुलींसारखी मांडली, पुढे एक, मध्ये तीन, मागे तीन, आणि दोरीने बांधली. मग एकटे घाट उतरून तालुक्याला गेले आणि परत चढून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक फेरीनंतर ते गाडीखाली जाऊन चासी हाताने चाचपत होते. मी बॅटरी धरत होते. काही नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशीही ते पोती घेऊनच गेले.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पोती उतरवली, सीट झटकली आणि हॉर्न वाजवला.